काळ्याखाली निळी की हिरवी

"मूळ रंग कोणता होता?" आत्यानं विचारलं.

"निळा," नर्सताई म्हणाल्या.

"हिरवा," त्यांच्या मागून लांबडी पेटी आडवी-तिडवी करत दारातून आत घेणारा त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला.

"निळा रे."

"हिरवा, ताई. रोज बघायचो मी."

"तुझं बघणं मला नको सांगूस. स्वतःच्या लग्नात दुसऱ्याचे बूट घालून उभा होतास."

"आता चष्म्याच्या दुकानात आहे मी. दिवसाला तीस जणांचे डोळे तपासतो."

"दुसऱ्यांचे!"

प्लास्टिकच्या पडद्यामागून सुतारकाकांचं हसू ऐकू आलं. आत्याचा गाळा आणि सुतारकाकांचा गाळा एकच. मधली भिंत कधीच पाडलेली, तिच्या जागी छतापासून जमिनीपर्यंत जाड प्लास्टिकचा पडदा. त्यांचा भुसा आत्याच्या ओल्या पॉलिशवर बसू नये म्हणून. भुसा थांबतो. काका थांबत नाहीत.

आत्यानं पेटीच्या कड्या उघडल्या. आत गिटार होती. विजेवर चालणारी, भरीव लाकडाची, जुनी. आणि काळी. काळी म्हणजे शाळेच्या फळ्यावर डांबर ओतावं तशी. आत्यानं नखानं टिचकी मारली, वाकून वास घेतला, मग कडेवरून अंगठा फिरवला.

"हा रंग कोणी दिला?"

"हॉटेलवाल्यानं," चष्मेवाला म्हणाला. "म्हणजे त्यानं द्यायला लावला. बाबांनी ही कोणाकडून तरी वापरलेलीच घेतली होती, तिथं संध्याकाळी वाजवायचे. मालकाच्या डोक्यात आलं, सगळे वादक काळ्या कोटात, तर वाद्यंही काळी. ड्रमसुद्धा काळे केले. नोकरी टिकवायची तर काय करणार? मी आठ वर्षांचा होतो. बाबा म्हणायचे, माझा कोट घरी आल्यावर काढता येतो, हिचा कसा काढू?"

"मग काढला का नाही?"

"पुढच्या महिन्यात काढू, पुढच्या महिन्यात काढू. तेहतीस वर्षं गेली. आता बाबाही गेले."

पेटीत गिटारशेजारी एक फोटो होता. खुर्चीत बसलेला तरुण माणूस, मांडीवर हीच गिटार. फोटो कृष्णधवल.

"ह्यात तर राखाडी दिसतेय," आत्या म्हणाली.

"राखाडीचा दावा करणारं तिसरं भावंड नाहीये, तेवढं बरं," नर्सताई म्हणाल्या. भाऊ स्कूटर वाटेतून बाजूला घ्यायला बाहेर गेला तशा त्या आवाज खाली आणून बोलायला लागल्या. "आत्या, खरं सांगते. माझी नोकरी बाहेरगावी. शेवटची सगळी वर्षं बाबांजवळ हा होता. औषधं, आंघोळ, भांडणं, सगळं ह्याच्या वाट्याला. माझ्या वाट्याला पहिली वर्षं, मग मी लहानपणीच वसतिगृहात शिकायला गेले. त्यातलं मला एकच स्वच्छ आठवतं. मी चार-पाच वर्षांची, जमिनीवर बसलेय. बाबा खुर्चीत. आणि माझ्या तोंडासमोर निळी गिटार. एवढी जवळ, की दुसरं काही दिसतच नाही. आता हा म्हणतो हिरवी. हे पण मला चुकीचं आठवत असेल, तर माझ्याजवळ बाबांचं उरलं काय?"

भाऊ परत आल्यावर दोघांना समोर उभं करून आत्यानं एकच गोष्ट सांगितली. "नीट ऐका. काळा उतरवीन. पण एकदा उतरवलेलं परत चढत नाही. मी चढवीन ते माझं असेल, तुमच्या वडिलांचं नाही."

"मूळ रंगावर आणा," दोघंही म्हणाले. पहिल्यांदाच एका सुरात. आत्यानं मान डोलावली. "भांडू नका. खालचं ते खरं."

*

हे आत्याचं ठरलेलं वाक्य. ती माझी सख्खी आत्या, पण गल्लीतले सगळेच तिला आत्या म्हणतात, तिच्यापेक्षा वयानं मोठे सुतारकाकासुद्धा. आजोबा फर्निचरचे पॉलिशवाले होते. स्पिरिटनं त्यांच्या हातांची सालं निघायला लागली तेव्हा डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. हातात एक कपाट अर्धवट होतं. एकोणीस वर्षांची आत्या म्हणाली, चार दिवस मी करते. त्या चार दिवसांना आता सदतीस वर्षं झाली.

लग्नाची दोन स्थळं आली होती म्हणे. पहिल्या मुलानं विचारलं, नखं अशी तपकिरी का? आत्या म्हणाली, "ही सागवानी छटा आहे. शिसवी हवी असेल तर आठ दिवस थांबावं लागेल." दुसरं स्थळ पहिल्याचं ऐकून आलंच नाही. माझे बाबा अजून हे सांगताना कपाळाला हात लावतात, आणि आत्या अजून तितकीच हसते.

नवीन पॉलिश करणारे पुष्कळ आहेत. आत्याकडे माणसं येतात ती जुनं उतरवायला. एक बाई एकदा कपाट घेऊन आल्या होत्या, पणजोबांचं, अस्सल शिसवी, असं सगळ्या नातेवाइकांना ऐकवत. आत्यानं चार थर उतरवले तर खाली खोक्याच्या फळ्या निघाल्या, त्यांवर 'वरची बाजू' असं छापलेलं. बाई रडवेल्या झाल्या. आत्यानं त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं, "खालचं ते खरं, बाई. वरचं काय, कोणीही थापतं."

सदतीस वर्षं हे वाक्य तिला पुरलं होतं.

*

गिटारची मान, तारा आणि आतल्या वायरी सोडवायला तारमास्तर आले. गावातली झाडून सगळी तंतुवाद्यं त्यांच्याच हातून दुरुस्त होतात. शर्टाच्या खिशात नेहमी एक बारका पेचकस आणि एक खडीसाखरेची पुडी. त्यांनी मान वेगळी केली, बटणं काढली, सगळं डब्यात भरलं आणि जाताना म्हणाले, "काळ्याखाली काहीही निघालं की आधी मला बोलाव. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

"मग काय, शेजाऱ्याकडून उसनं आणू?"

"माझं आजच भुशात गेलंय," पडद्यामागून आवाज आला.

काम सुरू झालं. सुतारकाकांचं म्हणणं साधं होतं. "रिमूव्हर ओत, फडकं फिरव, मोकळी हो. दार उतरवतेस तेव्हा ओततेसच की."

"दाराला सगळंच काढायचं असतं. इथं एक काढायचंय, एक ठेवायचंय. रिमूव्हरला डोळे आहेत का? तो थांबेल होय?"

म्हणून तिनं गरम हवेचं यंत्र घेतलं आणि खिडकीच्या फुटक्या तावदानाचे तुकडे. हवा लांबून द्यायची, काळा जरा मऊ झाला की काचेच्या कडेनं खरवडायचं. तोही नखाएवढाच. हात जड झाला की थांबायचं. काच बोथट झाली की दुसरी घ्यायची. काळा पापुद्रे होऊन निघत होता, जळक्या पोळीसारखा. एवढ्याशा लाकडाला तीन आठवडे लागले.

तिसऱ्याच दिवशी पाठीवर टपालतिकिटाएवढी खिडकी उघडली. आतून हिरवा डोकावला. आत्यानं फोन लावला. पलीकडे चष्मेवाला एवढ्या मोठ्यानं "बघ!" म्हणाला की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं असणार. नर्सताई फोनवर फक्त "बरं" म्हणाल्या.

पाठ झाली. हिरवी. कडा झाल्या. हिरव्या. पुढची बाजू झाली. हिरवीच, जुन्या बाटलीच्या काचेसारखी, वर बारीक भेगांची जाळी. वाजवताना लाकडाला ओरखडे पडू नयेत म्हणून पुढच्या बाजूला एक प्लास्टिकची पट्टी बसवलेली असते. हॉटेलच्या रंगाऱ्यानं तीही न काढता भोवती कागद चिकटवून फवारा मारला होता. "कामचोर," असं म्हणत आत्यानं गंजलेले स्क्रू तेल सोडून सोडवले आणि पट्टी उचलली.

खाली निळं होतं.

स्वच्छ निळं. नवीन वहीच्या पुठ्ठ्यासारखं. हिरवं पट्टीच्या कडेपर्यंत येत होतं आणि तिथून एकदम निळं सुरू होत होतं.

"अहो," आत्यानं पडद्याकडे तोंड केलं, "इकडे या जरा."

काका चष्मा पुसत आले. "हे काय? दोन रंग?"

"मलाही दोनच दिसतायत ना? तेवढंच विचारायचं होतं."

"अर्धी ताईची, अर्धी भावाची. वाटणी करून ठेवलीय बापानं!"

आत्या हसली नाही. तिनं पुन्हा फोन केला. आता नर्सताई एकदम बोलत्या झाल्या. "निळी आहे ना? सांगत होते ना मी?" आणि लगेच, "पण मग बाकीची हिरवी कशी?"

"तेच बघते," आत्या म्हणाली आणि फोन ठेवून तशीच बसून राहिली. दोन रंग म्हणजे दोन वेळा कोणीतरी रंगवली. पण निळ्यावर हिरवा मारला असेल तर कडेला थराची पायरी लागायला हवी. बोट फिरवलं तर पायरी कुठंच नाही. निळ्यातून बोट हिरव्यात जात होतं, न अडखळता. तिनं डोळे मिटून फिरवलं. उघडे ठेवून फिरवलं. मला बोट फिरवायला लावलं. "काही लागतंय?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणजे तुझं-माझं दोघींचं बोट बिघडलं."

दोन दिवस ती त्या गिटारभोवती घुटमळत होती. एका गिऱ्हाइकाच्या खुर्चीला चुकून टेबलाची छटा दिली. चहात साखर दोनदा घातली, आणि मग मला म्हणाली, "तू घातलीस का ग साखर?"

तिसऱ्या दिवशी खालच्या कडेला तिला एक टवका दिसला. बोराएवढा. हिरव्याच्या आत आणखी काहीतरी. तिनं भिंग आणलं. आत तपकिरी होता, आणि तपकिरीतून मधाच्या पिवळ्यात जाणारी छटा. त्यावर पॉलिशची पूर्ण चकाकी. आत्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"सापडलं! अहो, सापडलं!"

"आता कोणता?" काका आतूनच.

"तपकिरी. खाली तपकिरी आहे आणि त्यावर शेवटचा हात दिलेला आहे. पूर्ण, चकचकीत. तयार पॉलिशवर रंग कोण मारतं?"

"कोणी नाही."

"मग हा निळा न् हिरवा मागाहून आलेला. ह्यांच्या वडिलांनी ती वापरलेलीच घेतली होती ना? आधीच्या मालकाचे उद्योग. दोघंही चुकले. मूळ तिसराच."

"मास्तरांना विचार."

"लाकूड मला कळतं. मास्तरांना तारा कळतात."

"बरं, त्या दोघांना तरी विचार."

"मूळ रंगावर आणा म्हणाले. हे मूळ. आता विचारायचं काय त्यात? थोडं उघडून ठेवते, आले की दाखवते. डोळ्यांनी बघितलं की भांडण मिटेल."

तिनं नवी काच घेतली. खालच्या कडेपासून सुरुवात केली. हिरवा भुरभुर निघत होता, भुकटीत मधेच निळा कण चमकायचा. संध्याकाळपर्यंत तळहाताएवढी जागा उघडली. कडेला तपकिरी, आत जाता जाता मधाळ पिवळी होणारी, सुंदर. आत्यानं त्यावर ओलं फडकं फिरवलं, मागे सरकली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "खालचं ते खरं."

पडद्यामागे काका एरवी लगेच बोलतात. त्या दिवशी बोलले नाहीत. ते फोनवर होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच तारमास्तर दारात. खडीसाखर तोंडात. त्यांनी आधी गिटारकडे बघितलं, मग आत्याकडे, मग परत गिटारकडे, आणि तोंडातला खडा कडाकड चावून टाकला.

"हे काय केलंस?"

"मूळ काढलं."

"कशाचं मूळ?"

"हे बघा. तपकिरी, वर पूर्ण पॉलिश. त्याच्यावर..."

"त्याच्यावर निळा कारखान्यातच मारलाय."

आत्या हसली. "कारखान्यात? तयार पॉलिशवर? एवढा मूर्ख कोण असेल?"

"फर्निचरवाले नसतील. हे गिटारवाले होते. तपकिरी गिटारी करून ठेवलेल्या असायच्या. कोणी म्हणायचं, मला निळी हवी. मग नवीन लाकूड कोण कापत बसणार? तयार होत्या त्यांतलीच एक उचलायची आणि निळी करायची. सगळ्या नाही, पण काही अशाही निघायच्या. ही जन्मली तीच निळी म्हणून."

"कशावरून?"

मास्तरांनी गिटार तिच्या हातातून घेतली आणि मान जिथं बसते ती खाच उजेडाकडे धरली. "रंग मारताना धरायला इथं काठी ठोकायचे. काठीच्या खालचं लाकूड कोरडं राहायचं. दिसतंय कोरडं?"

"दिसतंय."

"तपकिरी कुठं संपतो?"

"ह्या रेषेवर."

"आणि निळा?"

आत्यानं भिंग लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"बोल की."

"त्याच रेषेवर," ती म्हणाली.

"एकच काठी. दोन्ही रंग होईपर्यंत काढलीच नाही. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणी रंगवली असती तर काठी कुठून आली असती?"

आत्या स्टुलावर बसली. पडद्याची कड हळूच बाजूला झाली आणि काकांचं नाक दिसलं.

"आणि हिरवा?" आत्यानं विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता. "पट्टीखाली निळा, बाहेर हिरवा. बोटाला पायरी लागत नाही."

"पायरी कशी लागेल? रंग एकच. निळ्यावरचा पारदर्शक पॉलिशचा हात पिवळा पडलाय. ऊन, हॉटेलातला धूर, वय. पट्टीखाली झाकलेला राहिला म्हणून तसाच. निळ्यावर पिवळं धरलं की काय होतं?"

"हिरवं!" नाक म्हणालं.

"शाळेत पहिला यायचास वाटतं. तूच तेवढा शहाणा, फोन केलास. पण तोही एक दिवस उशिरा."

आत्यानं पडद्याकडे बघितलं. काकांना वाटलं आता काही खरं नाही. पण ती रागावली नाही. तिनं जमिनीवरची हिरवी भुकटी बोटानं गोळा केली, तळहातावर घेतली, आणि मास्तरांना विचारलं, "हे परत लागतं का हो?" सदतीस वर्षं उतरवण्याचं काम करणाऱ्या बाईनं.

मास्तरांनी खिशातून पुडी काढून तिच्यापुढे धरली. "खडीसाखर घे," ते म्हणाले.

*

त्या दोघांना तिनं फोनवर काही सांगितलं नाही. फक्त या म्हणाली. आले तेव्हा तिनं गिटार टेबलावर उताणी ठेवली होती, पट्टी वर नुसती टेकवून. खरवडलेल्या जागेवरून तिनं फडकं काढलं.

"ही माझी चूक आहे," ती म्हणाली. "मला वाटलं खाली आहे तेच मूळ. ते मूळ नव्हतं. तुमच्या वडिलांच्या हातात होतं ते मी एवढं काढून टाकलं. परत येणार नाही."

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "मूळ म्हणजे आमचं मूळ हो, आत्या! गिटारचं कोणी मागितलं होतं?"

आत्यानं मान खाली घातली. "मूळ म्हटलं की मला एकच माहीत होतं. खाली, खाली, आणखी खाली."

नर्सताईंनी भावाच्या दंडावर हात ठेवला. "आधी मला सांगा, रंग कोणता होता?"

आत्यानं मास्तरांचं सगळं सांगितलं. निळी जन्मली, वरचा हात पिवळा पडत गेला, हळूहळू हिरवी झाली. ऐकता ऐकता चष्मेवाल्याचा राग उतरला. तो मोठ्या बहिणीकडे वळला. "म्हणजे ताई, तू बरोबर. तुझ्या वेळी निळी. अकरा वर्षांनी मी आलो, तोवर ती हिरवी झालेली. दोघंही बरोबर! आत्या, दाखवा ना हिला निळा."

आत्यानं पट्टी उचलली.

नर्सताई वाकल्या. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, गिटारकडे कोणीच नाही. पडद्यामागचा रंधाही थांबला.

"हा नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हा नाही. एवढा निळा नव्हता."

"अगं ताई, निळा म्हणजे निळा!"

"माझा असा... उघडा नव्हता. जरा खोल होता. जरा..." त्यांनी हात हवेत फिरवला, तो कुठंच टेकला नाही.

"वरचा पिवळा हात बारीक पॉलिश-पेपरनं, साबणाच्या पाण्यात उतरवता येईल," आत्या सावकाश म्हणाली. "सगळी अशी निळी होईल. पण आता मी तुम्ही म्हटल्याशिवाय केसभरही काढणार नाही."

नर्सताईंनी इकडेतिकडे बघितलं, सुतारकाकांची एक न विणलेली खुर्ची ओढली आणि भावाला म्हणाल्या, "बस."

"मी?"

"बस आणि बाबांसारखी धर."

"हिला मान नाहीये, ताई."

"तुलाही कुठं आहे? बस."

तो खुर्चीच्या नुसत्या चौकटीवर कसाबसा टेकला, गिटारचं धड मांडीवर घेऊन. आणि नर्सताई, बावन्न वर्षांच्या, साडी सावरत जमिनीवर बसल्या. त्याच्या गुडघ्यापाशी. त्यांनी तोंड गिटारच्या अगदी जवळ नेलं.

"जरा वर धर."

त्यानं वर धरली.

"जरा तिरकी. माझ्याकडे."

"अशी?"

"गप्प बस. बाबा बोलायचे नाहीत वाजवताना."

दारातून येणारा उजेड हिरव्यावर पडला होता. पट्टीच्या जागी निळा. खाली, नर्सताईंच्या हनुवटीसमोर, तळहाताएवढा तपकिरी.

"हिरवी दिसतेय," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. हिरवी दिसतेय. ओळखीची वाटतेय." त्यांनी डोळे मिटले. "आता परत निळी." उघडले. "आत्या, बाबांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती ना? दहा वर्षांची तरी असेल?"

"असेल."

"म्हणजे तेव्हाच थोडी पिवळी पडली असेल. थोडी हिरवट."

"असू शकेल."

"मग मी बघितली ती कोणती?"

आत्या त्यांच्यासमोर उकिडवी बसली. गिऱ्हाइकाला ती नेहमी उभ्यानंच उत्तर देते. "मला नाही सांगता यायचं, ताई. पट्टीखालचा निळा मी दाखवू शकते. बाहेरचा हिरवा दाखवू शकते. मधला, त्या दिवसाचा, आता कुठंच नाही. काळा काढून तो मिळत नाही, हिरवा काढूनही नाही."

"म्हणजे मला नीट आठवत होतं की नाही?"

"माहीत नाही."

नर्सताई रडतील असं मला वाटलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी भावाच्या गुडघ्याला धरून उठायचा प्रयत्न केला, तो गिटार सांभाळत उठायला गेला, खुर्ची कलंडली, आणि पडद्यातून धावत आलेल्या काकांनी आधी खुर्ची पकडली, मग माणसं.

"आत्या, उतरवा तो पिवळा," चष्मेवाला कपडे झटकत म्हणाला. "निळी करा. ताईची निळी होती, निळीच करा."

"अजिबात नाही," नर्सताई म्हणाल्या. "हिरवी राहू दे. तू रोज बघायचास."

"अगं, तूच तर एवढे दिवस..."

"एवढे दिवस तू तरी कुठं ऐकलंस?"

"मग आता ऐकतोय ना!"

"आता मी ऐकतेय!"

आत्या दोघांच्या मधे उभी राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती. तिच्या हातात साबणाच्या पाण्याचं भांडं होतं, केव्हा उचललं कोणास ठाऊक. शेवटी नर्सताईच म्हणाल्या, "आता काही काढायला नको. एवढं गेलं तेवढं पुरे. ह्या जागेवर रंगही नको. नुसता बिनरंगी हात द्या, म्हणजे कडा पुढे सोलत जाणार नाहीत. बाकी आहे तशी बांधून द्या."

"चुकलेलं झाकू नको?"

"झाकून काय करायचं? पुढच्या वेळी तेवढंच एक आम्हा दोघांना सारखं आठवेल."

*

आत्यानं त्या तपकिरी जागेवर बिनरंगी हात दिला. एक नाही, सात दिले, मधे मधे चार-चार तास थांबून, आणि प्रत्येक वेळी कडेवरून बोट फिरवून बघितलं. मास्तरांनी मान बसवली, तारा ओढल्या. गिटार पुन्हा गिटार झाली. हिरवी, पट्टीखाली निळी, खालच्या कडेला तळहाताएवढी तपकिरी.

त्या आठवड्यात तिच्याकडे उतरवायचं दुसरं काम आलं तर तिनं ते घेतलं, पण दोन दिवस हात लावला नाही. नुसती बघत बसायची. काकांनी विचारलं, "काय शोधतेस?" तर म्हणाली, "कळलं तर सांगीन."

गिटार न्यायला या, असं सांगायला तिनं नर्सताईंना फोन केला. मी समोरच होते. आत्यानं "तयार आहे" एवढं म्हटलं आणि पुढे ऐकतच राहिली. हं. हं. अच्छा. बरं. मग तिनं फोन हातानं झाकला आणि माझ्याकडे, पडद्याकडे, कुठंतरी मधेच बघत म्हणाली, "ताई म्हणतायत, निळी कदाचित खुर्ची असेल. खुर्चीची गादी. म्हणून त्यांनी भावाला विचारलं."

"मग?" काकांचं डोकं बाहेर आलं.

"भाऊ म्हणतो, घरात खुर्ची कधी नव्हतीच. बाबा पलंगावर बसून वाजवायचे. फोटो स्टुडिओतला आहे."

आत्यानं हात काढला, फोन परत कानाला लावला, स्टूल ओढून घेतलं आणि नीट बसली.

"ताई," ती म्हणाली, "पलंगावर चादर कोणती असायची?"